पडत्या काळात कलावंतांच्या मागे कॅमेरा घेऊन जाताना

अनुदान बंद होतं, थिएटरला टाळं लागतं, साथ येते, युद्ध येतं, तालमीच्या खोलीचं भाडं परवडेनासं होतं. तरीही कुठेतरी चार-सहा तरुण मुलं जमून नाच बसवत असतात, बँडचा सराव करत असतात, नाटकाची वाचनं करत असतात. त्यांचं काम फोटोंत धरून ठेवावं असं वाटतंय पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशांसाठी हे लिहिते आहे. तुमच्याकडे मॅन्युअल मोड असलेला कॅमेरा आहे आणि तो थोडाफार हाताळता येतो, एवढं गृहीत धरलंय.

या कामात नवखी माणसं बहुतेक वेळा हलाखी शोधायला निघतात. रिकाम्या खुर्च्या, खिडकीशी उदास बसलेली मुलगी, कोपऱ्यात टेकवलेली गिटार. असले फोटो कुठल्याही शहरातल्या कुठल्याही कलावंताचे म्हणून खपतील. या विशिष्ट मंडळींबद्दल त्यातून काही कळत नाही. त्यापेक्षा त्यांचं काम बघा. काळ वाईट आला की काम करायची पद्धत बदलते. सात पात्रांचं नाटक तिघांत बसवलं जातं, नाचाच्या बुटांना टेप लागते, सगळे दिवसा दुसरीकडे राबतात म्हणून तालीम रात्री उशिरा सुरू होते, प्रकाशयोजना दोन टॉर्चवर भागवली जाते. हे बदल नेमके टिपले की अडचण वेगळी दाखवावी लागत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच समजुतीवर बेतलेल्या आहेत.

१. आवाका ठरवा आणि यादी लिहा

‘तरुण कलावंतांची स्थिती’ हा विषय होऊ शकत नाही. एक नृत्यसमूह, एक बँड, एक तालमीची जागा किंवा एका प्रयोगाची सुरुवातीपासून शेवटापर्यंतची वाटचाल, असं काहीतरी निवडा. कोण, कुठे, किती काळ आणि त्यांच्यावर नेमकी कोणती अडचण आली आहे, हे चार वाक्यांत लिहिता आलं पाहिजे. लिहिता येत नसेल तर अजून थोडं हिंडा, माणसांना भेटा.

मग बघायच्या गोष्टींची यादी करा. अमेरिकेत महामंदीच्या काळात, १९३५ पासून पुढे, रॉय स्ट्रायकर हे ग्रामीण भागाचं छायाचित्रण करणारा सरकारी विभाग चालवत होते. ते आपल्या फोटोग्राफरांना काय काय बघायचं याच्या लेखी याद्या पाठवत. त्या विभागाचं काम आजही अभ्यासलं जातं, त्याचं एक कारण मला या याद्या वाटतात: तिथे कामाला निघण्याआधी प्रश्न पडलेले असत. तुमच्या यादीत असं काही असू शकेल: तालीम सुरू होण्याआधीचा अर्धा तास, सामान कोण आणि कशातून आणतं, पैशांचा हिशेब कुठे बसून होतो, सोडून गेलेल्याची भूमिका कोणाकडे गेली, चुकलेली जागा पुन्हा पुन्हा घेणं, प्रयोग संपल्यावरची आवराआवर, रात्री घरी परतण्याचा रस्ता. यादी खिशात ठेवा, पण तिचे गुलाम होऊ नका. उत्तम फोटो बहुधा यादीबाहेरच मिळतात. मात्र यादी असल्याशिवाय तुम्ही तिथे दिवसामागून दिवस जात राहणार नाही.

२. पहिल्या भेटींत कॅमेरा पिशवीतच ठेवा

तालमीची खोली ही चुका करण्याची जागा असते. तिथे परक्या माणसाचा कॅमेरा निघाला की माणसं चुका करायचं थांबवतात आणि ‘दिसायला’ लागतात. म्हणून आधी नुसते बसा. कोण कुठे उभं राहतं, दिग्दर्शक कधी ओरडतो, वातावरण कधी सैल होतं, हे कळू द्या. खुर्च्या हलवायला, केबल गुंडाळायला मदत करा. हे आपुलकीचं नाटक वाटेल अशी शंका येत असेल तर एक व्यावहारिक कारणही आहे: लोकांच्या हालचालींचा क्रम पाठ झाला की पुढे काय होणार ते आधी कळतं आणि तुम्ही योग्य जागी उभे असता.

याच भेटींत चार गोष्टी स्पष्ट सांगा. हे काम कशासाठी करताय, फोटो कुठे जाण्याची शक्यता आहे, कुठे जाणार नाहीत, आणि त्या बदल्यात त्यांना काय मिळेल. प्रसिद्धी मिळेल, मदत येईल, असली आश्वासनं देऊ नका, ती तुमच्या हातात नाहीत. तुमच्या हातात असलेली गोष्ट द्या: पोस्टरसाठी आणि शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी वापरता येतील असे प्रत्येकाचे दोन-तीन चांगले फोटो. कामं नसलेल्या तरुण नटाला किंवा नर्तिकेला त्याची फार गरज असते आणि स्वतःच्या पैशांनी फोटो काढून घेणं तेव्हा परवडत नसतं.

३. परवानगी घ्या, आणि घेतच राहा

इथे सर्वांत जास्त घोटाळे होतात, म्हणून जरा थांबून सांगते.

समूहाचा प्रमुख ‘हो, काढा की’ म्हणाला म्हणजे सगळ्यांची परवानगी मिळाली असं होत नाही. पडत्या काळात समूहातल्या धाकट्या मुलांना प्रमुखाला नाही म्हणणं आणखी अवघड जातं, कारण उद्याचं काम त्याच्याच हातात असतं. प्रत्येकाला वेगळं गाठा, प्रमुखाच्या माघारी विचारा. प्रकाशयोजना करणारा, वेशभूषा सांभाळणारी, ध्वनीवाला यांनाही विचारा. मंचामागची माणसं अर्ध्या फोटोंत असतात आणि त्यांना कोणी विचारत नाही.

परवानगीचे थर असतात. मंचावरचा प्रयोग टिपणं वेगळं, तालीम वेगळी, मेकअपची खोली वेगळी आणि घरी येऊन फोटो काढणं अगदीच वेगळं. संमतिपत्रात या गोष्टी वेगवेगळ्या ओळींत ठेवा, म्हणजे माणसाला एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणता येतं. वापराचंही तसंच: प्रदर्शन, छापील मासिक, इंटरनेट, जाहिरात. जाहिरातीचा रकाना मी मुळात ठेवतच नाही. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही लागते, पण सही मिळाली तरी त्या मुलाला स्वतःला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सही झाली की विषय संपला असंही नाही. एखादा रडत असेल, भांडण पेटलं असेल, कोणाला काढून टाकल्याची बातमी आली असेल, तर कॅमेरा खाली करा, नजरेनेच विचारा. उत्तर नाही आलं तर नाही समजा.

एक जुनं उदाहरण सतत डोक्यात ठेवण्यासारखं आहे. छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात मुलांसह बसलेल्या एका स्थलांतरित मजूर बाईचा फोटो काढला. महामंदीचा चेहरा म्हणून तो जगभर छापला गेला. लँग यांनी तिचं नाव विचारलं नव्हतं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं ते १९७८ मध्ये, आणि तेव्हा त्या बाईंनी या फोटोतून आपल्याला कधी काही मिळालं नाही ही खंत बोलून दाखवली. फोटो महान आहे, याबद्दल वाद नाही. पण तुम्ही आज ज्या विशीतल्या मुलीचा फोटो काढणार आहात, तिचं नाव इंटरनेटवर शोधलं की पुढची कित्येक वर्षं तोच फोटो समोर येणार आहे. म्हणून नाव विचारा, ते तिला हवं तसं लिहा आणि फोटोची प्रत तिच्या हातात द्या.

नावाबाबत आणखी एक. अनेक कलावंत वेगळ्या नावाने वावरतात आणि काहींच्या घरी ते काय करतात याचा पत्ता नसतो. कागदावरचं नाव आणि मंचावरचं नाव वेगळं लिहा आणि कोणतं छापायचं ते त्यांनाच ठरवू द्या. युद्ध किंवा दडपशाही असलेल्या ठिकाणी नावांची यादी हीच धोक्याची वस्तू असते. तिथे संमतिपत्रावर क्रमांक घाला आणि नावं दुसऱ्या ठिकाणी, कूटबद्ध फाइलमध्ये ठेवा. चेहरा, टॅटू, खिडकीबाहेरची ओळखू येणारी इमारत, सगळ्यांचा विचार करावा लागतो.

जवळ असायला हवीत अशी कागदपत्रं

- प्रकल्पाची एका पानाची माहिती, साध्या भाषेत, तुमच्या संपर्कासह
- प्रत्येकाचं संमतिपत्र, दोन प्रतींत: एक त्यांची, एक तुमची
- अल्पवयीनांसाठी पालकांचं संमतिपत्र
- समूहाचं आणि जागामालकाचं लेखी परवानगीपत्र. प्रयोगाच्या दिवशी दारावरचा माणूस वेगळा असतो, तेव्हा हेच कामी येतं
- समूहाला तुमचे फोटो कशासाठी आणि किती काळ वापरता येतील याची चिठ्ठी
- नोंदवही: नावाचं अचूक लेखन, मंचावरचं नाव, भूमिका, घातलेल्या अटी

फोटोचा स्वामित्वहक्क बहुतेक देशांत काढणाऱ्याकडे असतो, पण पैसे घेऊन काम केलं असेल तर नियम बदलतात. शिवाय नाटकाची संहिता, नृत्यरचना, नेपथ्य यांवर इतरांचे हक्क असू शकतात. तुमच्या देशाचा नियम आधी बघून घ्या.

४. साहित्य

थोडकं ठेवा. एक बॉडी, ३५ मिमी आणि ८५ मिमीच्या दोन लेन्स, दोन्ही शक्यतो एफ/१.८ किंवा त्याहून जास्त उजेड घेणाऱ्या. एकच घेणं शक्य असेल तर ५० मिमी एफ/१.८ पुरते. दोन मेमरी कार्डं, जादा बॅटरी, काळे कपडे, मऊ तळव्यांचे बूट, आणि इअरप्लग. इअरप्लगला हसू नका. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात ८ तास चालतात, आणि दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. बँडच्या सरावखोलीत तुम्ही ड्रमपासून हाताच्या अंतरावर असता.

फ्लॅश आणू नका. आणलाच तर पिशवीत ठेवा.

५. अपुऱ्या उजेडाशी जुळवून घ्या

पैसे नसले की उजेड नसतो. एखादी ट्यूबलाइट, उसने आणलेले दोन एलईडी दिवे, नाहीतर खिडकी. सुरुवातीला या सेटिंग्जवर भरवसा ठेवा: मॅन्युअल मोड, ॲपर्चर जितकं उघडेल तितकं, शटर कामाप्रमाणे, आयएसओ ३२०० ते ६४००. आजच्या कॅमेऱ्यांना ते झेपतं. दाणेदार फोटो चालतो. नको तिथे हललेला चालत नाही.

शटर किती? बोलणाऱ्या नटाला १/१२५, हात-पाय वेगाने फिरत असतील तर १/५००. उडीच्या शिखरावर मात्र शरीर क्षणभर जवळजवळ थांबतं, तिथे १/२५० वरही काम भागतं. ते शिखर कधी येणार हे संगीताच्या मात्रांवरून कळतं, म्हणून गाणं पाठ करा. धूसर हालचाल मुद्दाम हवी असेल तर १/१५ करून बघा, फक्त एखादा चेहरा किंवा एक पाऊल स्थिर राहिलं पाहिजे.

ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी लुकलुकतात. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, ६० हर्ट्झचा असेल तर १२० वेळा. त्यामुळे एका फोटोत चेहरा पिवळट, पुढच्यात काळवंडलेला असं होतं. पहिल्या ठिकाणी शटर १/१०० किंवा १/५०, दुसऱ्या ठिकाणी १/१२५ किंवा १/६० ठेवलं की बरंच सुधारतं. कॅमेऱ्यात लुकलुक टाळण्याची सोय असेल तर ती चालू करा.

आवाज होऊ नये म्हणून सगळे इलेक्ट्रॉनिक शटर वापरतात आणि मग फोटोवर आडवे पट्टे येतात. बहुतेक सेन्सर ओळीओळीने वाचले जातात, त्यामुळे लुकलुकता दिवा प्रत्येक ओळीत वेगळा पडतो. तालमीच्या सुरुवातीलाच एक चाचणी फोटो काढून मोठा करून बघा. पट्टे दिसले तर यांत्रिक शटरवर जा आणि क्लिक संवादांच्या, टाळ्यांच्या किंवा संगीताच्या आड लपवा.

काळ्या पार्श्वभूमीमुळे कॅमेऱ्याचा मीटर फसतो आणि चेहरे पांढरे फटक पडतात. स्पॉट मीटरिंग (चौकटीतल्या एका छोट्या भागाचाच उजेड मोजणं) वापरा किंवा एक ते दोन स्टॉप कमी करा. निळ्या-लाल दिव्यांत तर हिस्टोग्रामचा लाल, हिरवा, निळा असा तिन्ही रंगांचा आलेख बघा, कारण एकच रंग आधी जळून जातो आणि साध्या आलेखात ते दिसत नाही. असे बिघडलेले फोटो नंतर कृष्णधवल करून वाचवायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. अधूनमधून ठीक, पण सगळा प्रकल्पच कृष्णधवल करून त्याला गांभीर्य आणण्याचा मोह झाला तर दोनदा विचार करा. या मुलांनी त्या वेशभूषेच्या रंगांवर रात्री घालवलेल्या असतात.

आणि लेझर दिवे दिसले तर लेन्स तिकडे वळवू नका, सेन्सर कायमचा खराब होऊ शकतो. फाइल नेहमी रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली.

६. कुठे उभं राहायचं आणि काय टिपायचं

पहिल्या काही दिवसांत सगळे मंचाकडे तोंड करून फोटो काढतात. ते एकदाचे काढून घ्या, त्याशिवाय पोट भरत नाही. मग विंगेत जा आणि मागून बघा. नाटकवाल्यांची खरी परिस्थिती मंचाच्या मागच्या बाजूला असते: फळ्यांना ठोकलेली जुन्या नाटकाची फळकुटं, तीन जणांत वाटून घेतलेला आरसा, भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक ज्यात निम्म्या नावांवर काट मारलेली आहे.

हात टिपा. शिवणारे, रंगवणारे, वायर जोडणारे, वाद्याची तुटलेली तार बदलणारे. एकाच जागेवरून, एकाच चौकटीत, वेगवेगळ्या दिवशी फोटो घ्या. समूह आटत किंवा वाढत गेला तर ते त्या चौकटीत दिसेल. आणि विनोद सोडू नका. वाईट दिवसांत ही मंडळी प्रचंड टिंगलटवाळी करतात, ते फोटो वगळले तर तुमचं काम खोटं ठरेल. हसणाऱ्या माणसाचा फोटो गंभीर प्रकल्पात बसत नाही, असं एखादा संपादक म्हणेल. मी अशा वेळी वाद घालते.

‘जरा पुन्हा तसंच करशील का?’ हा प्रश्न मात्र तोंडातून निघता कामा नये. तालमीत गोष्टी आपोआप पुन्हा होतात, त्यासाठीच तालीम असते. व्यक्तिचित्र काढायचं असेल तर सरळ व्यक्तिचित्र म्हणून काढा, माणसाला समोर बसवा आणि फोटोखालच्या ओळीत तसं लिहा. दोन्हींची सरमिसळ केली की सगळ्याच फोटोंवरचा विश्वास जातो.

७. त्याच रात्री करायची कामं

फाइल्स उतरवा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. त्याशिवाय कार्ड पुसू नका.

मग झोप येत असली तरी फोटोंखालच्या ओळी लिहा. कोण, काय करतंय, कुठे, कधी. फोटोच्या फाइलमध्येच माहिती साठवण्यासाठी आयपीटीसी नावाचे रकाने असतात, ते भरा. वेगळ्या कागदावरची माहिती फोटोपासून तुटते. उलट बाजूही बघा: मोबाइलने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. मंडळी गुपचूप तालीम करत असतील किंवा कोणी पाठलागाला घाबरत असेल तर बाहेर पाठवण्याआधी ते काढून टाका.

ओळीत विशेषणं नकोत. ‘संघर्ष करणारी नर्तिका’ असं लिहू नका. ‘नर्तिका, दिवसाची पाळी संपवून आल्यावर, रात्री साडेदहा’ एवढं पुरेसं आहे.

८. निवड करा, आणि आधी त्यांना दाखवा

छोटे प्रिंट काढा आणि जमिनीवर पसरा. स्क्रीनवर क्रम लागत नाही, निदान मला तरी लागत नाही. शंभरातून चाळीस, चाळिसातून वीस. एकच गोष्ट सांगणारे दोन फोटो असतील तर एक वगळा, मग तो कितीही लाडका असो.

ही वीसांची यादी बाहेरच्या कोणालाही दाखवण्याआधी तालमीच्या खोलीत न्या. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातले फोटोग्राफर मालिक सिदिबे १९६० च्या दशकात बामाको शहरातल्या तरुणांच्या नाचाच्या पार्ट्या टिपत. देश नुकताच, १९६० मध्ये, स्वतंत्र झाला होता. रात्री स्टुडिओत परतून ते फिल्म धूत, फोटोंच्या छोट्या प्रती पुठ्ठ्यांवर लावून बाहेर टांगत आणि मुलं येऊन आपापले फोटो निवडून मागवत. या फोटोंचे पहिले प्रेक्षक त्यांत नाचणारेच होते. पुढे त्याच फोटोंसाठी सिदिबे जगभर ओळखले गेले, २००३ मध्ये त्यांना छायाचित्रणातला हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. ती मुलं कॅमेऱ्यासमोर इतकी मोकळी का दिसतात याचं उत्तर मला तरी त्या पुठ्ठ्यांत सापडतं.

नकाराधिकार कितपत द्यायचा हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर भांडणं होतात. माझी पद्धत अशी: घरातले, मेकअपच्या खोलीतले आणि रडण्याचे फोटो त्यांनी नको म्हटलं की संपलं, कारण विचारत नाही. मंचावरच्या फोटोबद्दल ‘मी जाड दिसते’ असा आक्षेप आला तर बोलते, दुसरा पर्याय दाखवते, पण शेवटचा निर्णय माझा. काही जणांना हे कडक वाटतं. तुम्ही वेगळं ठरवू शकता, फक्त ठरवा.

९. बाहेर पाठवताना

उजेड, रंग, कडा कापणं (क्रॉप) यांत हात फिरवायला हरकत नाही. चौकटीतली वस्तू पुसणं किंवा नवी घालणं नाही, मग ती कोपऱ्यातली प्लास्टिकची पिशवी का असेना. वर्ल्ड प्रेस फोटोसारखी वृत्तछायाचित्रांची स्पर्धा शेवटच्या फेरीतल्यांकडून मूळ फाइल्स मागवून तपासते.

संपादकाला फोटो देताना ओळी बदलायच्या झाल्या तर विचारा, असं लेखी कळवा. मथळे तुमच्या हातात नसतात आणि ‘उपाशी कलावंत’ छापणारा मथळा त्या समूहाचं पुढचं कंत्राट घालवू शकतो. पैसे मिळाले तर समूहाचा वाटा किती हे त्यांच्याशी आधीच बोललेलं असावं. फोटो काढू देण्यासाठी मात्र पैसे देऊ नका. त्याने माणसं तुम्हाला हवं ते दाखवायला लागतात.

पहिलं प्रदर्शन शक्य झाल्यास त्यांच्याच जागेत भरवा, साध्या प्रिंटचं, दोऱ्यावर टांगलेलं. भाडं लागत नाही, आणि त्या रात्री प्रयोग असेल तर प्रेक्षकही आयता मिळतो.

१०. नंतर येणारे फोन

काळ बदलतो, समूह फुटतो, कोणी नोकरी धरतं, कोणी देश सोडतं. मग एखादा फोन येतो: तो फोटो काढून टाकशील का? स्वतःच्या संकेतस्थळावरून लगेच काढा, इतरांकडे गेलेला असेल तर तुम्ही त्यांना लिहा आणि काय उत्तर आलं ते कळवा. छापून गेलेलं परत आणता येत नाही, हे संमतिपत्र भरून घेतानाच सांगायचं असतं. कधी उलटा फोन येतो, एखाद्या जुन्या प्रयोगाचा एकही फोटो आमच्याकडे उरला नाही, तुझ्याकडे आहे का? तेव्हा आयपीटीसीचे भरलेले रकाने उपयोगी पडतात: नावाने शोधा, मोठ्या आकाराची फाइल पाठवा, सोबत वापराची जुनी चिठ्ठी जोडा.